‘झेन’: सांज आणि वांझ यांचा चुलतभाऊ

चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या शिकवणीतला ‘जेन’ आणि बौद्धांच्या ध्यानपंथाचे नाव असलेला ‘झेन’ हे एकच शब्द आहेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. नाहीत. कन्फ्यूशियसचा शब्द ‘रन’, म्हणजे माणुसकी. रोमन लिपीतल्या जुन्या लेखनपद्धतीमुळे तो आपल्याकडे ‘जेन’ होऊन बसला. शिवाय कन्फ्यूशियस इ.स.पू. ४७९ मध्ये वारला आणि बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला तो त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी.

पांढऱ्या भिंतीला, बांबूच्या कुंडीला आणि रविवारच्या आळसालाही ‘झेन’ म्हणण्याची टूम निघाली आहे, तिच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. मला त्याहून जास्त चीड येते ती ‘झेन हा संस्कृत ध्यान शब्दाचा अपभ्रंश’ एवढे लिहून मोकळ्या होणाऱ्यांची, कारण त्यांनी मधली सगळी गंमत गिळून टाकलेली असते. संस्कृतातल्या ‘ध्य’चा प्राकृतात ‘झ’ झाला, म्हणून संध्येची सांज झाली, वंध्येची वांझ झाली, मध्यगृहाचे माजघर झाले आणि ‘णमो उवज्झायाणं’ म्हणणारा प्रत्येक जैन माणूस उपाध्यायांना त्याच वाटेने वंदन करतो. ध्यानाचे पालीत ‘झान’ झाले ते याच नियमाने, आणि चिनी कानांवर पडले ते असे काही प्राकृत रूप. त्यांनी ते ‘ज्यान’च्या जवळ उच्चारल्या जाणाऱ्या एका चिन्हाने लिहिले. पुढे त्या चिन्हाच्या उच्चारातला घोष (‘ज’मध्ये असतो आणि ‘च’मध्ये नसतो तो कंठातला नाद) प्रमाण चिनीत हरपला, पण जपानी ‘झेन’मध्ये टिकून राहिला. आजचा चिनी उच्चार जवळजवळ आपल्या ‘छान’सारखा आहे, तेवढ्यावरून आपले ‘छान’ चीनमधून आले, असे कृपया कोणी लिहू नये.

आता ते चिन्ह. त्याच्या डाव्या अंगाला देवकार्य सुचवणारी खूण आहे, कारण बौद्धांनी उचलण्यापूर्वी तो शब्द राजविधींचा होता. ‘शान’ या उच्चाराने त्याचा एक अर्थ पृथ्वीला द्यायचा बली, जो हान घराण्याचा सम्राट वू याने इ.स.पू. ११० मध्ये ताइ पर्वताच्या परिसरात दिला. दुसरा अर्थ लायक माणसासाठी राज्यत्याग, जसा कन्फ्यूशियसच्या अनुयायांना परमप्रिय असलेल्या दंतकथेतल्या याओ राजाने शुनसाठी केला. अभ्यासकांचा रूढ सूर असा की भाषांतरकारांनी केवळ ध्वनी पाहिला. मला हे पटत नाही. त्या ध्वनीच्या आसपासची इतर चिन्हे हाताशी असताना नेमके वेदीचे आणि सिंहासन सोडण्याचे चिन्ह निवडले जाते, आणि तेही राजवाडा सोडून गेलेल्या बुद्धाच्या साधनेसाठी, याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही. पुरावा मागाल तर माझ्याकडे एवढाच तर्क आहे, पण ‘केवळ ध्वनी’ म्हणणाऱ्यांच्या हातीही याहून भक्कम काही मला दिसलेले नाही.

उसनवारी पुढे उलट दिशेनेही झाली. ८१९ मध्ये कन्फ्यूशियसपंथी हान यू याने बुद्धाच्या अस्थीच्या राजदरबारी सत्काराविरुद्ध सम्राटाला खरमरीत अर्ज लिहिला आणि दक्षिणेला दूर छाओचौ येथे हद्दपारी ओढवून घेतली. पण पुढे सोंग राजवटीच्या काळातले कन्फ्यूशियसपंथी पंडित स्वतःच डोळे मिटून बसू लागले. तरुणपणी झेनच्या नादी लागून नंतर त्यावर तुटून पडलेला चू शी (११३०–१२००) याने एका शिष्याला अर्धा दिवस वाचन आणि अर्धा दिवस स्वस्थ बैठक असा क्रम सांगितला. बैठक बौद्धांसारखी होती, नाव मात्र मुद्दाम ‘शांत बसणे’ ठेवलेले. त्याच्याही आधीच्या छंग यी (१०३३–११०७) याला तर ‘शांतता’ हा शब्दसुद्धा खुपत होता: तो उच्चारला की आपण बुद्धाच्या मतात शिरलोच, तेव्हा त्याऐवजी ‘आदर’ हाच शब्द वापरावा, असे त्याने बजावले होते. त्याच्या काळी त्या दोन शब्दांचे उच्चार वेगळे होते. आजच्या प्रमाण चिनीत दोन्हींचा उच्चार, सुरासकट, एकच झाला आहे: ‘जिंग’.