एकीकरण, विलीनीकरण की एकात्मीकरण?

प्रश्न असा आला आहे: 'मी एम.ए.च्या वर्गाला राज्यशास्त्र शिकवते. युरोपातल्या शासनसंस्थांच्या तुलनेवर मराठीत टिपणं काढते आहे. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत डेमोक्रॅटिक इंटिग्रेशन असं आहे, त्याला काय म्हणावं? आणि तिथल्या तीन कौन्सिल मराठीत वेगळ्या कशा ठेवाव्यात?'

बाई, 'विलीनीकरण' आधी बाद करा. विलीन म्हणजे विरघळलेलं. मराठी माणसाला हा शब्द संस्थानांमुळे ठाऊक आहे. गोव्यात तर जानेवारी १९६७चा जनमत कौल याच शब्दावर झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? गोव्यानं वेगळं राहणं पसंत केलं. एकदा एका उत्तरपत्रिकेत मला वाक्य सापडलं, 'पोलंड २००४ साली युरोपीय संघात विलीन झाला.' मी समासात लिहिलं, मग ब्रिटन २०२० साली बाहेर कसा पडला? विरघळलेलं मीठ उठून चालू लागत नाही.

'एकीकरण' तितकं चुकीचं नाही, पण ती जागा भरलेली आहे. जर्मनीचं एकीकरण, इटलीचं एकीकरण हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं, आणि सीमाभागात एकीकरण समितीमुळे त्याला आणखी वेगळा अर्थ आहे. व्याकरणही तेच सांगतं. यातला 'ई' च्वि प्रत्ययाचा, म्हणजे जे एक नव्हतं ते एक केलं. ३ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व जर्मनी हे राज्यच संपलं, ते एकीकरण. १ मे २००४ रोजी पोलंड संघात गेला, तेव्हा त्याची सेयम आणि सेनेट ही संसदेची दोन्ही सभागृहं, राष्ट्राध्यक्ष, न्यायालयं, इतकंच काय झ्लॉटी हे चलनसुद्धा जागच्या जागी राहिलं. काही विषयांतला निर्णयाचा अधिकार मात्र सामाईक झाला. वर्गात ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी मांडा, व्याख्या लिहून द्यावी लागणार नाही.

उरलं 'एकात्मीकरण'. मला त्यातला आत्मा खटकतो. मासळीचा कोटा ठरवायला संघातल्या सत्तावीस देशांचा आत्मा एक असावा लागत नाही. पण शब्द रुळतो आहे, 'एकात्मता'सारखा भावनेकडे झुकत नाही आणि प्रक्रिया दाखवतो. टिपणात तोच ठेवा. तोंडी समजावताना मी 'सांधणी' म्हणतो. सांध्यात हाडं दोन राहतात, हालचाल एक होते.

'लोकशाही एकात्मीकरण' मात्र लिहू नका. लोकशाही पद्धतीनं केलेलं, की लोकशाही देशांचं? दोन्ही अर्थ निघतात. तुमच्या उद्दिष्टात बहुधा दुसरा असावा. ग्रीस १९८१ साली आणि स्पेन, पोर्तुगाल १९८६ साली आत आले ते हुकूमशाही संपल्यानंतरच. पुढे १९९३च्या कोपनहेगन निकषांत स्थिर लोकशाही संस्था ही प्रवेशाची अट म्हणून लिहूनच ठेवली गेली. तेव्हा 'लोकशाहीच्या पायावरचं एकात्मीकरण'. लांब आहे, पण दिशाभूल करत नाही.

आता कौन्सिल. घोटाळा आपल्या 'परिषद' शब्दातच आहे. परि + सद्, म्हणजे भोवती बसणं. मूळ अर्थ एवढा ऐसपैस, की जिल्हा परिषद, विधान परिषद, गोलमेज परिषद, पत्रकार परिषद सगळ्या त्यात मावतात. संस्था आणि बैठक यांत हा शब्द भेदच करत नाही. म्हणून भोवती कोण बसतं, ते नावात घाला. देशांचे सर्वोच्च नेते बसतात ती (युरोपियन कौन्सिल) 'युरोपीय शिखर परिषद'. फक्त ही एकदा भरून संपणारी बैठक नाही, लिस्बन करारानं २००९पासून ती संघाची रीतसर संस्था आहे, हे पहिल्याच तासाला सांगा. विषयाप्रमाणे त्या त्या खात्याचे मंत्री बसतात, शेतीला कृषिमंत्री, पैशाला अर्थमंत्री, ती (कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन) 'मंत्र्यांची परिषद'. 'मंत्रिपरिषद' असा समास नको, कारण आपल्या राज्यघटनेतली मंत्रिपरिषद म्हणजे एकाच सरकारचे मंत्री. इथे समास सोडवला की गाठही सुटते.

तिसरी, १९४९ची, स्ट्रासबर्गची, 'कौन्सिल ऑफ युरोप' अशीच राहू द्या. ती संघाची संस्थाच नाही. तिचे ४६ सदस्य आहेत, युरोपीय मानवाधिकार न्यायालय तिचं. बारा ताऱ्यांचा झेंडाही आधी तिचा, १९५५चा. संघानं तो नंतर घेतला. पोरं गोंधळतात ती उगाच नाही.

आणि 'बुंडेसराट'चं भाषांतर करायला जाऊ नका. जर्मनीत ते राज्यांच्या सरकारांचं ६९ मतांचं सभागृह आहे, स्वित्झर्लंडमध्ये याच नावाचं सात जणांचं सरकार. तुलनेचा अख्खा तास त्या एका नावावर निघेल.