तापल्यावर आखडणारा धागा आणि पीएच.डी.चा प्रश्न

आदरणीय महोदय,

स.न.वि.वि.

आपली कन्या एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या अखेरच्या वर्षात दिशाबद्ध द्रवस्फटिकी पॉलिमरच्या (ज्यांचे लांब, ताठ रेणू एकाच दिशेने रांगेत बसलेले असतात अशा पदार्थांच्या) औष्णिक गुणधर्मांवर प्रकल्प करीत असून त्यातच पीएच.डी. करू इच्छिते, आणि ‘एवढ्या अरुंद विषयाला पुढे कोण विचारणार’ ही चिंता आपल्याला वाटते, असे आपल्या पत्रावरून समजले. चिंता रास्त आहे. मात्र ती विषयाच्या लांबलचक नावाविषयी नसून मुलीच्या हाती कोणते कौशल्य येणार याविषयी असावी.

१९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी केलेल्या कामातून केव्हलार हा अशाच पॉलिमरचा मजबूत धागा पुढे आला. त्यातील ताठ रेणूसाखळ्या धाग्याच्या लांबीला समांतर बसलेल्या असतात, म्हणून तो तापवला की लांबीत किंचित आखडतो आणि जाडीत मात्र फुगतो. ताणलेली दोरी आडवी थरथरवली की तिची टोके जवळ ओढली जातात, तसाच हा प्रकार आहे. उष्णताही साखळ्यांच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा कितीतरी सहज वाहते. हे आखडणे, धागे ज्यात बसवतात त्या रेझिनच्या (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) प्रसरणाविरुद्ध वापरून तापमान बदलले तरी माप जवळपास न बदलणारे भाग तयार करता येतात.

व्हेक्ट्रा या नावाने विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवस्फटिकी पॉलिएस्टरचे इलेक्ट्रॉनिक कनेक्टर सोल्डरिंगच्या सुमारे २६० अंश सेल्सिअसलाही टिकतात, पण साच्यात ओतताना साखळ्या प्रवाहाच्या दिशेने रांगेत लागतात, उभे आणि आडवे आकुंचन वेगवेगळे होते व भाग वाकतो. कारखान्यात यालाच ‘वॉर्पेज’ म्हणतात. हा वाकडेपणा साचा कापण्यापूर्वीच ओळखू शकणाऱ्या माणसाची गरज उद्योगाला असते, आणि त्याला कोणी प्रबंधाचे शीर्षक विचारत नाही.

म्हणून मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेत डीएससी (नमुना तापताना किती उष्णता घेतो-सोडतो हे मोजणारे), टीएमए (तापताना त्याचे माप किती बदलते हे मोजणारे) आणि क्ष-किरण विवर्तनाची (रेणूंची मांडणी दाखवणारी) उपकरणे आहेत का, आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः हाताळू देतात का, हे तिने प्रत्यक्ष जाऊन पाहावे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी पॉलिमरचे काम चालते. भौतिकशास्त्राची पदवी ही तिथे अडचण मानू नये, परंतु पॉलिमर रसायनाची मूलतत्त्वे तिला या सुट्टीत वाचून काढावी लागतील. सीएसआयआर-नेट ही संशोधन छात्रवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा तिने भौतिकशास्त्रातूनच द्यावी. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास पहिली २ वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, त्यामुळे खर्चाचा भार आपल्यावर फारसा पडू नये.

जाता जाता तिला एक विचारा: प्रकल्पात ती प्रसरण फक्त धाग्याच्या लांबीतच मोजते, की आडवेही? बारीक धाग्याचे आडवे प्रसरण मोजणे फार जिकिरीचे असते. ते तिला जमले, तर मुलाखतीत सांगण्यासारखे तिच्याजवळ पुष्कळ असेल.

आपला नम्र,
करिअर मार्गदर्शक