अडगळीच्या ढिगातले खेळ

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून दुपारी तासभर लॅपटॉपवर चित्रात दडलेल्या वस्तू शोधण्याचे आणि कोडी सोडवण्याचे खेळ खेळतो. अडलो की ‘हिंट’चे बटण दाबतो, पण नंतर लबाडी केल्याची रुखरुख लागते. पुष्कळ खेळांत नुसता अडगळीचा ढीग समोर येतो आणि शोधायच्या वस्तूंच्या यादीतले इंग्रजी शब्द अडवतात, ते वेगळेच. असे खेळ निवडावेत तरी कसे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मीही आपल्यासारखीच, रात्रीची आवराआवर झाल्यावर तासभर खेळणारी आहे, त्यामुळे जे सांगते ते केवळ अनुभवावरून.

हिंटची रुखरुख मनातून काढून टाकावी. एकदा वापरलेली हिंट पुन्हा भरायला बहुतेक खेळांत थोडा वेळ लागतो, आणि न शोधता कुठेही टिचक्या मारत सुटले तर काही खेळ कर्सर क्षणभर अडवून धरतात. म्हणजे मदत किती आणि केव्हा मिळावी, याचा विचार खेळ रचणाऱ्यांनीच केलेला असतो. शब्द अडला असेल तर मी हिंट लगेच वापरते. यादीतला ‘बो’ म्हणजे धनुष्य, रिबिनीची गाठ की व्हायोलिनचा गज, हे चित्र पाहूनही कळत नाही. ‘बॅट’ म्हटल्यावर आपण क्रिकेटची बॅट शोधत बसतो आणि कोपऱ्यात वटवाघूळ लटकत असते. हा आपल्या नजरेचा दोष मुळीच नाही. मात्र शब्द कळूनही वस्तू दिसत नसेल, तर खिडकीबाहेर पाहून दोन मिनिटांनी पुन्हा चित्राकडे वळावे. अशा वेळी ती स्वतःला सापडली तर होणारा आनंद हिंटमुळे हिरावला जातो, आणि माझ्या मते तिच्यामुळे होणारे नुकसान तेवढेच आहे.

अडगळीविषयी आपली तक्रार मला पूर्णपणे पटते. २००५ साली आलेल्या ‘मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल’ने हा प्रकार लोकप्रिय केला, त्यात घड्याळ चालू असताना यादी संपवायची असे. त्याच मालिकेतल्या २००८ च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’मध्ये घरभर हिंडणे, वस्तू जवळ बाळगणे आणि योग्य जागी वापरणे आले, आणि खेळाला खरा अर्थ तिथे आला असे मी मानते. सापडलेली वस्तू पुढे कशाला उपयोगी पडते, हीच माझी कसोटी आहे. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी या कंपनीचा ‘नाइटमेअर्स फ्रॉम द डीप : द कर्स्ड हार्ट’ (२०१२) या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो, चाच्याने पळवलेल्या मुलीला सोडवायला निघालेली आई जे शोधते, त्याला काही कारण असते. तरीही या धाटणीच्या खेळांतला एक दोष मला फार खटकतो : एक दोरी कापली की चाकू मोडतो आणि पुढच्या दोरीसाठी दुसरा चाकू शोधावा लागतो. खेळाची लांबी वाढवण्याची ही सोय खेळणाऱ्याच्या बुद्धीचा मान राखत नाही.

शब्दांचा जाच पूर्ण टाळायचा असेल, तर आपण दोन खेळ जरूर घ्यावेत. ‘हिडन फोक्स’ (२०१७) हाताने रेखाटलेल्या काळ्यापांढऱ्या चित्रांचा आहे. यादीच्या जागी शोधायच्या माणसांची आणि वस्तूंची छोटी चित्रे असतात, तंबू, झुडपे, दारे टिचकीसरशी उघडतात आणि सगळे आवाज तोंडाने काढलेले आहेत. त्यात घड्याळ नाही, म्हणून तो मला दुपारसाठी सर्वांत योग्य वाटतो. दुसरा चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइन या कंपनीचा ‘मशिनॅरियम’ (२००९). यातला यंत्रमानव एक शब्दही बोलत नाही. मनातले सगळे डोक्यावरच्या फुग्यात चित्रांनी उमटते. कोडी मात्र कठीण आहेत. इथे उत्तरांची वहीसुद्धा मिळते, पण ती उघडण्यासाठी आधी एक छोटा खेळ जिंकावा लागतो, आणि आपल्या रुखरुखीवर याहून चांगला तोडगा मी पाहिलेला नाही.

फुकट मिळणाऱ्या ज्या खेळांत चार प्रसंग संपताच ‘ऊर्जा’ संपते आणि थांबा किंवा पैसे भरा असे सांगितले जाते, त्यांच्या वाटेला मी जात नाही. एकदाच पैसे देऊन घेतलेला खेळ निवांत खेळता येतो.

आणखी एक. तळघराच्या किंवा रात्रीच्या प्रसंगात वस्तू दिसेनाशा झाल्या, तर हिंटच्या आधी खेळ पूर्ण पडद्यावर घ्यावा आणि लॅपटॉपचा उजेड वाढवून पाहावा. मला दोन रात्री न सापडलेली किल्ली भिंतीवरच्या खिळ्यालाच अडकवलेली होती.