पिशवी काढली की हे सगळं थांबेल का?

प्रश्न : डॉक्टर ताई, माझं वय 46. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारपासून मी तव्यापुढे असते, हाताखाली दोघी जणी आहेत. वर्ष-दीड वर्ष झालं, शरीर माझं ऐकेनासंच झालंय. पाळी कधी वीस-बावीस दिवसांत येते, कधी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की आठ-दहा दिवस हटत नाही. गाठी पडतात. मध्येच छातीतून गरम वाफ वर चढते, तोंड लाल होतं, ब्लाउज भिजून जातो. रात्री दोन-तीनला धडधडून जाग येते, मग झोप नाही. हिशेबाच्या वहीत माझी कधी चूक नसायची, आता कुणाच्या डब्याचे पैसे आले तेही आठवत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे राग. बारावीतली लेक भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हणाली, तर मी ताट आपटलं आणि मग मोरीत जाऊन रडले. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. मिस्टर काही बोलत नाहीत, पण हल्ली घरी उशिरा येतात. सोनोग्राफी केली. पिशवीला सूज आहे, आता तिचा उपयोग काय, काढून टाका आणि मोकळ्या व्हा, असं डॉक्टरांनी सांगितलं. जाऊबाईंनीही चाळिशीच्या आतच काढली आहे. दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या की ऑपरेशन करायचं घरात ठरतंय. काढली तर हे सगळं थांबेल ना? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : ताई, सगळं थांबणार नाही. पिशवी काढली की अंगावरून जाणं बंद होईल, एवढंच. वाफा, धडधड, मोडलेली झोप, विसरणं, राग, यांचं मूळ पिशवीत नाहीच. ते बीजकोशांमध्ये आणि मेंदूत चाललेल्या बदलात आहे. ऑपरेशनमध्ये पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर जो बदल काही वर्षांत सावकाश व्हायचा तो एका दिवसात अंगावर कोसळतो. वाफा वाढतात, हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात, हृदयाचं संरक्षणही वेळेआधी जातं. बीजकोश ठेवले तरी काही बायकांमध्ये ते लवकर थकतात. म्हणून कळकळीने सांगते, ऑपरेशनची तारीख एवढ्यात ठरवू नका.

आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी कायमची थांबते आणि त्याआधीची काही वर्षं अशीच उलथापालथीची असतात. तुम्ही आत्ता त्याच टप्प्यात असाव्यात. या काळात दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही. ते पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र कधी खूप वर जातं, कधी एकदम खाली येतं. पिशवीच्या आतलं अस्तर त्यामुळे जाड होत राहतं, पाळी लांबते आणि मग ते गाठींसकट बरेच दिवस जात राहतं. तुमच्या पत्रात हे चित्र जवळपास जसंच्या तसं उतरलंय.

आता ती ‘सूज’. पोरंबाळं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसणं यात नवल काही नाही. सूज हे आजाराचं नाव नव्हे. तो सोनोग्राफीचा कागद पुन्हा हातात घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा : अस्तराची जाडी किती मिलिमीटर आहे? फायब्रॉइडची गाठ आहे का, असल्यास केवढी आणि कुठे? पिशवीच्या भिंतीत अस्तर शिरलंय का? बीजकोश कसे आहेत? याची उत्तरं मिळाल्याशिवाय ऑपरेशनचा विषय निघायलाच नको.

तपासण्या मात्र अजिबात टाळू नका. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि रक्तस्राव अनियमित, तेव्हा अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं गरजेचं आहे. बहुतेक वेळा हे ओपीडीतच होतं, भूल देऊन झोपवावं लागत नाही. त्यातून कर्करोग किंवा त्याच्या आधीचे बदल नाहीत ना, ते कळतं. शिवाय पिशवीच्या तोंडाची तपासणी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि साखर. पाळी दोन महिने लांबली असेल, तर गरोदरपणाची चाचणीसुद्धा. हसू नका, या वयातही दिवस राहतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली, तर पुढची दोन वर्षं गर्भनिरोधक साधन वापरावं लागतं. थायरॉइड बिघडला तरी चिडचिड, धडधड, अनियमित पाळी हे सगळं दिसतं, म्हणून ती चाचणी सोडायची नाही.

हिमोग्लोबिनवर मी जरा जास्त बोलणार आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. तुमचं तर दर वेळी आठ-दहा दिवस जातंय. धडधड, हिशेबातला गोंधळ, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं, यात रक्त कमी असण्याचा मोठा वाटा असू शकतो आणि तो भरून काढता येतो. लोहाची गोळी चालू झाली तर ती लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. पहाटे तव्याशेजारी कपावर कप रिचवले जातात, ते मला ठाऊक आहे. चहा आणि गोळी यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा.

तपासणीत गंभीर काही निघालं नाही, तर रक्तस्रावावर बरेच उपाय आहेत. फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या आहेत, पाळी वळणावर आणणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या आहेत, आणि पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे, जी काही वर्षं काम करते. पहिले काही महिने ती डाग लागण्याचा त्रास देते, पण पुढे पाळी अगदी कमी होते. मोठे फायब्रॉइड असतील, पेशींत बदल दिसले किंवा या उपायांनी भागलं नाही, तर पिशवी काढावी लागते. अशी ऑपरेशनं मीही करते. पण तो शेवटचा उपाय आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या जात होत्या, ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बायकांतल्या कित्येकी तिशी-पस्तिशीच्या होत्या. ‘उपयोग काय तिचा’ हे वाक्य ऐकलं की मला आजही संताप येतो.

वाफांचं कारण मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रात आहे. इस्ट्रोजेन खालीवर झालं की ते फार हळवं होतं. अंगाची उष्णता किंचित वाढली तरी घाम सोडून ती बाहेर टाकायची घाई करतं. तुम्ही तर रोज कित्येक तास आगीपुढे! तेव्हा काही महिने तवा हाताखालच्या एकीकडे द्या. कणीक, लाटणं, डबे भरणं तुम्ही घ्या. धूर ओढणारा पंखा तव्याच्या वरच हवा. सुती, सैल कपडे घाला, रात्रीच्या जेवणात ठेचा नको आणि संध्याकाळनंतर चहा बंद.

एवढ्याने भागलं नाही तर हार्मोन थेरपी आहे, म्हणजे कमी पडणारं हार्मोन औषधातून देणं. 2002 मध्ये या थेरपीवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास धोका दिसल्याने मध्येच थांबवला गेला आणि तेव्हापासून तिची भीती बसली. पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आतल्या, पाळी थांबून दहा वर्षं न झालेल्या आणि वाफांनी हैराण झालेल्या बऱ्याच जणींना तिचा फायदा धोक्यापेक्षा जास्त होतो, असं आज मानतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्तात गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा आजार असेल, तर ती देत नाहीत. रक्तस्रावाचं कारण कळेपर्यंतही देत नाहीत. हार्मोन नको असतील त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत.

आणि तो राग. ताई, तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. इस्ट्रोजेनच्या चढउताराचा मेंदूतल्या मन स्थिर ठेवणाऱ्या रसायनांवर थेट परिणाम होतो. त्यात रात्री दोनपासून डोळा नाही आणि साडेचारला कामाला उभं राहायचं. कुणाचंही मन त्यात पिचेल. बाळंतपणानंतर तुम्हाला उदास वाटायचं का, पाळीच्या आधी चिडचिड व्हायची का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. अशा जणींना या वर्षांत जास्त जपावं लागतं. लेकीला जवळ बसवून नीट समजावून सांगा. बारावीतली मुलगी आहे, तिला कळेल, आणि तिलाही पुढे यातूनच जायचंय. मिस्टरांना तपासणीला बरोबर न्या. माझ्याकडे येणारे बरेच पुरुष गप्प असतात ते काय चाललंय हे न कळल्यामुळे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की वागणं बदलतं. सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या वाफांबद्दल त्यांना कुणी विचारलंच नसेल. एकदा तुम्हीच विचारून बघा.

दोन आठवडे सतत उदास वाटलं, कशातच मन लागेना किंवा जीव नकोसा झाला, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता करायचं असं. आजपासून कालनिर्णयवर पाळीचे दिवस, गाठी, किती पॅड लागले ते लिहा. तासाला एक पॅड भिजू लागलं किंवा चक्कर आली तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसरं मत घ्यायला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा, सोनोग्राफीचा कागद आणि कालनिर्णयचं पान घेऊन. हे दिवाळीच्या ऑर्डरींच्या आधी करा, नंतर नको. रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. तोवर संमतिपत्रावर सही करू नका.