केळीच्या मुळात केंद्रक पाहायला कोणता डाय?

तुम्ही धुळ्याहून विचारलंय की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला केळीच्या मुळाचं टोक घेतलंय, केंद्रकासाठी डापी घ्यावा, होएक्स्ट की प्रॉपिडियम आयोडाइड? मी जळगावला हेच काम करतो. फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने मारून जसंच्या तसं टिकवलेल्या मुळाला डापीच घ्या, पण आधी पेशीभित्तिका एन्झाइमने मोकळ्या करा.

याचं कारण केळीतच आहे. तिच्या भित्तिकेत फेरुलिक आम्ल असतं, ते अतिनील प्रकाशात आपोआप निळं चमकतं. डापीही निळाच, ३५८ नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन ४६१च्या आसपास परत देणारा. त्यामुळे पुस्तकातली पद्धत जशीच्या तशी केली, तर निळ्या जाळीत निळे ठिपके शोधत बसावं लागतं. कांद्याला हा त्रास फारसा होत नाही, आणि बहुतेक कॉलेजांत सराव कांद्यावरच होतो.

टिश्यूकल्चरच्या रोपाच्या पिशवीतलं ताजं, पांढरं टोक एक-दोन मिलिमीटर कापा. तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल यात फिक्स करा, धुवा, सेल्युलेज-पेक्टिनेज या भित्तिका मोकळ्या करणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवा आणि मग स्क्वॅश करा, म्हणजे काचेवर दाबून पसरवा. डापी मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, दहा मिनिटं, अंधारात. डापीचं स्टॉक, म्हणजे साठ्याचं दाट द्रावण मात्र शुद्ध पाण्यातच करा, फॉस्फेट बफरमध्ये तो नीट विरघळत नाही. विभाजन चालू असलेली पेशी सापडली तर जी-नाईन या केळीच्या वाणाचे ३३ गुणसूत्र मोजून बघाच, फार आनंद होतो!

प्रॉपिडियम लाल असल्याने निळ्याची कटकट नाही, हे खरं. पण जिवंत पेशीत तो शिरत नाही, भित्तिकेवरच बसतो. केंद्रक रंगलं तर ती पेशी मेलेली समजा. फिक्स केलेल्या पेशीत तो आरएनएलाही चिकटतो, म्हणून आधी आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम द्यावं लागतं. जिवंत मूळच पाहायचं असेल तर होएक्स्ट ३३३४२, तो जिवंत पेशीच्या अखंड पडद्यातून आत जातो. सूक्ष्मदर्शकाचा दिवा मात्र गरजेपुरताच उघडा, अतिनील प्रकाशाने पेशींना इजा होते.

डाय न घातलेली एक स्लाइड रोज आधी बघा, त्याच फिल्टरवर आणि तेवढ्याच एक्स्पोजरवर. तिच्यात जे निळं दिसेल ते केळीचं. आणि हातमोजे घालाच, हे सगळे डाय डीएनएला चिकटणारे आहेत.