भीती वाटते, मग देव गेला कुठे?

"आधी प्रार्थनेला बसलं की आतून शांत वाटायचं. आता डोळे मिटले की छातीत धडधडायला लागतं. ताई, देवानं सोडलंय का हो मला?"

पन्नाशीतल्या एका ख्रिस्ती बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका तपासणीचा अहवाल यायचा होता आणि त्यांची झोप उडाली होती. त्यातच मंडळीतलं कुणीतरी मायेनंच बोलून गेलं होतं, "विश्वास असला की भीती वाटत नाही." झालं! आजाराच्या भीतीवर आता आपला विश्वासच खोटा असल्याची भीती चढली.

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की त्या दिवशी मी घाई केली. बायबलमधली धीराची चार वचनं लिहून दिली. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "ती पाठच आहेत मला." चूक माझी होती.

मग आधी शरीराबद्दल बोललो. भीतीत हृदय जोरात धावतं, श्वास वरच्यावर होतो, झोप लागत नाही. अशा वेळी 'शांत वाटणं' हीच देवाच्या सोबतीची खूण धरली, तर ती सापडणार कशी? झोपेसाठी डॉक्टरांना भेटा, असंही सांगितलं. बायबलमधल्या '1 राजे' पुस्तकाच्या 19व्या अध्यायात ईजबेल राणीच्या धाकानं पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला रागवत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, उठवून परत खायला लावतो. पुढे होरेब डोंगरावर एलीयाला ऐकू आलेल्या देवाच्या मंद वाणीबद्दल आपण भरभरून बोलतो, या भाकरीबद्दल फारसं नाही.

"रात्री जाग आली की काय करता?"

"भांडते देवाशी. म्हणते, झोपलास का तू?" बोलून त्या ओशाळल्या.

वादळात नावेत उशीवर झोपलेल्या येशूला शिष्यांनी जवळजवळ हेच विचारलं होतं, याची मी आठवण दिली. त्या पहिल्यांदा हसल्या.

मग बायबलमधलं 23वं स्तोत्र सावकाश मोठ्यानं वाचायला सांगितलं, फक्त सर्वनामांकडे लक्ष ठेवून. तो मला हिरव्या कुरणांत बसवितो... तो माझा जीव ताजातवाना करितो... चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी आली आणि त्या थबकल्या. "कारण तू माझ्याबरोबर आहेस." बोट त्या शब्दावर ठेवून म्हणाल्या, "इथे 'तू' झालं." कुरणात 'तो', दरीत 'तू'. इतकी वर्षं पाठ असूनही त्यांना ते दिसलं नव्हतं. मी गप्प राहिले.

अहवाल काय आला, ते इथे लिहीत नाही. देवाची सोबत त्यावरून ठरवायची नाही, असं त्यांनी तो येण्याआधीच ठरवलं होतं. धडधड अजून होते म्हणतात. पण 'देव कुठे आहे' हे आता मला विचारत नाहीत. रात्री जाग आली की त्यालाच विचारतात.