वाचकांचे प्रश्न : जीडब्ल्यू ९५०८ शुगरवर घेऊन बघू का?

प्रश्न : मॅडम, मला टाइप टू डायबेटिस होऊन आठ वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत पण मधूनच शुगर एकदम लो होते, घाम फुटतो, हात थरथरतात. परवा वाचनात आलं की जीडब्ल्यू ९५०८ नावाचं एक केमिकल इन्सुलिन वाढवतं पण शुगर लो होऊ देत नाही. माझा भाचा लॅबमध्ये आहे, तो म्हणतो मागवता येतं. अगदी थोडंसं घेऊन बघितलं तर चालेल का?

उत्तर : नाही, अजिबात नाही, आणि भाच्यालाही आजच सांगा की मामासाठी ती बाटली मागवायची नाही. हे आधी स्पष्ट सांगून टाकते कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की अरे, हे तर चांगलंच दिसतंय. तसं ते चांगलं दिसतं म्हणूनच तर मला काळजी वाटते.

तुम्हाला जे होतंय ना, घाम आणि थरथर, त्याचं कारण समजून घ्या. स्वादुपिंडात बीटा पेशी असतात, रक्तात साखर वाढली की ती या पेशींत शिरते, जळते, त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं, एटीपी वाढलं की पेशीच्या आवरणावरची पोटॅशियमची दारं बंद होतात, मग कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, ग्लिमेपिराइड त्यातलीच, हे पोटॅशियमचं दार थेट बंद करतात, रक्तात साखर आहे की नाही ते बघतच नाहीत. त्यामुळे एखादं जेवण चुकलं की शुगर खाली येते. तुमची गोळी या गटातली आहे का ते चिठ्ठीवर बघा आणि शुगर कधी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर लो झाली हे लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळी स्वतःहून बंद करू नका, डोस बदलता येतो, गोळीही बदलता येते.

आता ते केमिकल. बीटा पेशीवर जीपीआर ४० नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन, असतो, १९९७ मध्ये त्याचा जीन सापडला तेव्हा तो नेमका कशाने चालू होतो तेच कळेना, अशांना अनाथ रिसेप्टर म्हणतात. २००३ मध्ये उलगडा झाला की लांब साखळीची फॅटी ॲसिडं त्याला चालू करतात. तो चालू झाला की पेशीच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं आणि इन्सुलिनला जोर मिळतो, पण साखरेने आधी काम सुरू केलेलं असेल तरच हा जोर नीट दिसतो. साखर कमी असताना तो जवळपास गप्प बसतो. तुम्ही वाचलंत ते हेच. जीडब्ल्यू ९५०८ हे याच रिसेप्टरला चालू करायला बनवलेलं रसायन, २००६ मध्ये त्यावरचा पेपर आला, त्यात उंदराच्या मिन ६ नावाच्या पेशींवर हा परिणाम दाखवलाय.

म्हणजे काय, तर प्लेटमधल्या पेशी. माणूस नव्हे. किती घ्यायचं, यकृत त्याचं काय करतं, रोज वर्षभर घेतलं तर काय होतं, यातलं काहीच माणसावर तपासलेलं नाही, त्याचा माणसासाठी डोसच ठरलेला नाही. बाटलीत पांढरी पूड असते आणि लेबलवर साफ लिहिलेलं असतं की फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. ते वाक्य कोणी उगीच छापत नाही.

आणि एक खरी गोष्ट सांगते, ती मला अजून अस्वस्थ करते. याच रिसेप्टरवर चालणारं फॅसिग्लिफाम नावाचं दुसरं औषध पार माणसांपर्यंत पोचलं होतं. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत शुगर लो होण्याचं प्रमाण ते घेणाऱ्यांत २ टक्के होतं आणि ग्लिमेपिराइडवाल्यांत १९ टक्के. बघा, तुमच्यासारख्या पेशंटला हवं होतं तेच! पण तिसऱ्या टप्प्यात हजारो लोक घ्यायला लागले तेव्हा काहींच्या यकृताला इजा व्हायला लागली आणि डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीने ते थांबवलं. पित्तातली आम्लं वाहून नेणाऱ्या प्रथिनांना ते अडवतं असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. एवढं सगळं तपासलेल्या औषधाचं हे झालं, आणि तुम्ही म्हणताय थोडंसं घेऊन बघतो. कृपा करून नको.

प्रश्न : मी एमएस्सीला आहे, मिन ६ पेशींवर जीडब्ल्यू ९५०८ वापरते. सीनियर म्हणतो सरळ १० मायक्रोमोलर टाक, इफेक्ट मस्त दिसतो. बरोबर आहे का?

उत्तर : इफेक्ट दिसेल गं, पण तो कोणाचा हे सांगता येणार नाही. जीपीआर ४० साठी याचा ईसी ५०, म्हणजे निम्मा परिणाम दिसायला लागणारं प्रमाण, साधारण ४८ नॅनोमोलर आहे (हजार नॅनोमोलर म्हणजे एक मायक्रोमोलर), आणि जीपीआर १२० या फॅटी ॲसिडच्याच दुसऱ्या रिसेप्टरसाठी ३.५ मायक्रोमोलरच्या आसपास. म्हणजे १० मायक्रोमोलरला दोन्ही रिसेप्टर चालू झाले. आधी कमी डोसपासून वाढवत नेत डोस आणि परिणामाचा कर्व्ह काढ आणि जीडब्ल्यू ११०० हा जीपीआर ४० चा ब्लॉकर सोबत वापर, त्याने इफेक्ट उतरला तरच जीपीआर ४० चं नाव घे. कमी ग्लुकोज आणि जास्त ग्लुकोज असे दोन्ही सेट हवेतच, नाहीतर या रसायनाची सगळ्यात महत्त्वाची गोष्टच निसटते.

आणखी एक, यावर मी स्वतः आठवडाभर घालवलाय. हे पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ या द्रावकात दाट द्रावण, म्हणजे स्टॉक, करावा लागतो, आणि दाट स्टॉकचा थेंब थेट बफरमध्ये सोडला की पिपेटच्या टोकाशी दुधासारखा पांढुरका धागा दिसतो. ते तुझं रसायन खाली बसतंय! लगेच व्होर्टेक्स केलं की वरवर स्वच्छ दिसतं पण डोस मग तू समजतेस तो उरत नाही. टप्प्याटप्प्याने पातळ कर, उजेडासमोर धरून बघ, आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोलच्या वेलमध्येही घाल. स्टॉकच्या छोट्या छोट्या व्हायल करून ठेव, एकच व्हायल दहादा वितळवू नकोस.

प्रश्न : हा रिसेप्टर फॅटी ॲसिडने चालू होतो म्हणे, मग आहारात फॅट वाढवलं तर इन्सुलिन वाढेल का?

उत्तर : तसा हिशोब होत नाही. थोड्या वेळापुरता फॅटी ॲसिडचा हातभार लागतो हे खरं, पण रक्तात ती कायम जास्त राहिली तर स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात आणि बीटा पेशीही थकतात. आहारात फॅट किती ठेवायचं ते तुमचे रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञ ठरवतील.